तोळाभर सोने, तोळाभर तांबे

देवघरातील उपकरणांत सोने, रुपे व तांबे शेजारी शेजारी नांदतात. ताजव्याच्या एका पारड्यात तोळाभर सोने आणि दुसऱ्यात तोळाभर तांबे घातले, तर काटा मध्यावर स्थिरावतो. वजन सारखे, मोल निराळे, हे व्यवहारात सर्वच जाणतात. परंतु दोन्ही पारड्यांत परमाणूही सारखेच असतील काय? या साध्या प्रश्नाने रसायनशास्त्राला अर्धशतक घोटाळ्यात ठेवले होते.

परमाणूचा विचार आपल्याकडे कणादांच्या वैशेषिक दर्शनात आहेच. परंतु तो पदार्थमीमांसेचा विषय होता, तुलामापनाचा नव्हे. या दोहोंची गल्लत करण्यात आम्हाला भूषण वाटत नाही. परमाणूंच्या भारांची तुलना मांडली ती इंग्लंडातील जॉन डाल्टन यांनी. १८०८ साली त्यांचा ग्रंथ निघाला. पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक आणि प्राणवायूचा एक परमाणू असतो, असे त्यांनी गृहीत धरले. हायड्रोजन दोन असतील तर मात्र प्राणवायूचा भार आठऐवजी सोळा ठरतो. पायाच डळमळीत, मग वरच्या इमारतीचा भरवसा काय?

१८११ साली इटलीतील आमेदेओ आव्होगाद्रो यांनी वाट दाखविली. तापमान व दाब समान असता कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, असे त्यांनी सांगितले. पण त्यासाठी हायड्रोजनचे दोन परमाणू परस्परांशी जोडलेले असतात, असे मानावे लागे. सजातीय परमाणू एकमेकांना दूर लोटतात, ही बर्झेलियससारख्या अधिकारी पुरुषाची धारणा आड आली. १८५६ साली आव्होगाद्रो निवर्तले, तेव्हाही त्यांचे म्हणणे उपेक्षितच होते.

त्यांचे देशबांधव स्तानिस्लाओ कान्नित्सारो यांनी १८५८ साली तोच सिद्धान्त हाती घेऊन परमाणुभारांची सुसंगत मांडणी केली. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. ती निर्णयाविना संपली. पण निरोपाच्या वेळी कान्नित्सारोंची पुस्तिका वाटण्यात आली. परिषदेस आलेल्या मेंडेलेयेव्ह यांनी पुढे १८६९ साली याच सुधारलेल्या भारांवर आपली आवर्तसारणी उभारली.

आता तराजूकडे वळू. सोन्याचा परमाणुभार १९६.९७, रुप्याचा १०७.८७, तांब्याचा ६३.५५. प्रत्येकाचे तितकेच ग्रॅम घेतले की परमाणूंची संख्या समान भरते. या संख्येला फ्रान्सच्या झाँ पेरँ यांनी १९०९ साली आव्होगाद्रोंचे नाव दिले. २० मे २०१९ पासून ती ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात अशी कायम करण्यात आली आहे. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. त्यास परमाणुभाराने भागून या संख्येने गुणिले, तर तोळाभर सोन्यात ३५७ वर २० शून्ये इतके परमाणू निघतात. तांब्यात सुमारे ११०५ वर २० शून्ये. म्हणजे संख्येने तांबे तिपटीहून अधिक श्रीमंत!

वाचकहो, ताजवा वजन सांगतो, गणना सांगत नाही. समान वजनाखाली दडलेली ही विषमता ज्याने प्रथम मोजण्याजोगी केली, त्याचे शब्द त्याच्या हयातीत कोणी तोलले नाहीत. संध्येच्या वेळी तांब्याची पळी हाती घेताना आम्हाला त्या उपेक्षित गणकाचे स्मरण होते.