पिकासोसाठी मतदान

परवा ऑफिसात लंचला केळ्याचा विषय निघाला. तेच ते, टेपने भिंतीला चिकटवलेलं, मौरिझिओ कातेलानचं. २०१९ मध्ये 'आर्ट बाझल'च्या मायामी बीचच्या मेळ्यात त्याची किंमत होती १ लाख २० हजार डॉलर. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच कलाकृतीची एक प्रत गेली ६२ लाख डॉलरला. लिलावातलं केळं जवळच्या फूटपाथवरच्या फळवाल्याकडून ३५ सेंटला आणलेलं! आमच्या टेबलाचा निकाल एकमताने लागला : हे सगळे श्रीमंतांचे चोचले, आपला काय संबंध?

मीही मान डोलावली. पण घरी येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि बाझल आठवलं. 'आर्ट बाझल' नावातलं बाझल, म्हणजे स्वित्झर्लंडमधलं शहर. काही वर्षांपूर्वी मी तिथे तीन महिने ऑनसाइट होतो. रविवारी दुकानं बंद, करायचं काय, म्हणून म्युझियममध्ये शिरलो. शेजारच्या चौकाचं नाव होतं 'पिकासोप्लाट्झ'. म्हटलं, स्पॅनिश चित्रकाराचा इथे काय संबंध? मग शोधाशोध केली आणि जे सापडलं ते भन्नाट होतं.

गोष्ट सुरू होते एका विमान अपघाताने. २० एप्रिल १९६७. 'ग्लोब एअर' या बाझलच्या कंपनीचं विमान बँकॉकहून कोलंबो आणि आपल्या मुंबईत थांबून बाझलला परत निघालं होतं. सायप्रसमध्ये निकोसियाजवळ ते टेकडीवर आदळलं. १२६ माणसं गेली. कंपनी बुडाली. तिचा एक मोठा भागधारक होता पीटर श्टेखेलिन. त्याच्या घराण्याच्या ट्रस्टकडे सुंदर चित्रसंग्रह होता आणि त्यातली बरीच चित्रं शहराच्या म्युझियममध्ये वर्षानुवर्षं लोकांना बघायला ठेवलेली होती. आता पैसे उभे करायचे तर चित्रं विकणं आलं. व्हान गॉगचं एक गेलं. मग पाळी आली पिकासोच्या दोन चित्रांची : १९०६ चं 'दोन भाऊ' आणि १९२३ चं 'बसलेला विदूषक'. किंमत ८४ लाख फ्रँक.

इथपर्यंत नेहमीचीच कथा. मालकाला पैशांची गरज, बाजारात गिऱ्हाईक तयार, चित्र विमानात बसून परदेशी. पण बाझलच्या लोकांना ती चित्रं 'आपली' वाटत होती. कायद्याने नव्हती, सवयीने होती. शाळेच्या सहलीत बघितलेली, पाहुणे आले की दाखवलेली. शिवाय या शहराला जुनी खोडही आहे. १६६१ मध्येच शहराने आणि विद्यापीठाने मिळून आमरबाख घराण्याचा संग्रह विकत घेतला होता, तो बाहेर जाऊ नये म्हणून. तिकडे न्यूयॉर्क अजून न्यूयॉर्क झालं नव्हतं आणि इकडे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला तेरा वर्षं होती!

तर शहराच्या सभागृहाने ठरवलं, ६० लाख सरकारी तिजोरीतून देऊ. उरलेले २४ लाख लोकांनी उभे करायचे. यावर गॅरेज चालवणारा एक नागरिक उठला आणि म्हणाला, माझ्या कराच्या पैशातून चित्रं कशाला? त्याने सह्या गोळा केल्या आणि स्विस पद्धतीप्रमाणे प्रकरण गेलं थेट सार्वमताला. विचार करा, पिकासो घ्यायचा की नाही यावर अख्ख्या शहराचं मतदान! बाझलमध्ये बायकांना मताचा हक्क १९६६ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरापूर्वी मिळालेला. त्यामुळे यात त्यांचंही मत होतं.

मग जी धमाल झाली ती वाचण्यासारखी आहे. पोरंपोरी 'आय लाइक पाब्लो'चे बिल्ले लावून हिंडायला लागली. नोव्हेंबरात 'भिकाऱ्यांचा उत्सव' भरला. रस्तोरस्ती खाण्याचे स्टॉल लागले, बूटपॉलिश झालं, गाणीबजावणी झाली, आणि सगळी कमाई चित्रांच्या फंडात. कंपन्यांनीही देणग्या दिल्या. २४ लाख जमले. डिसेंबरात मतं मोजली : बाजूने ३२,११८, विरोधात २७,१९०. चित्रं राहिली.

बातमी फ्रान्समध्ये पिकासोपर्यंत पोचली. ८६ वर्षांचा म्हातारा खूश झाला. म्युझियमच्या संचालकांना, फ्रान्झ मायर यांना, त्याने बोलावून घेतलं आणि चार कलाकृती शहराला भेट दिल्या. फुकट!

आता याच काळात आणखी काय घडत होतं बघा. त्याच १९६७ च्या सप्टेंबरात जर्मनीत कोलोनला १८ गॅलऱ्यांनी एकत्र येऊन 'कुन्स्टमार्क्ट', म्हणजे सरळ सरळ 'कलाबाजार' भरवला. आजच्या आर्ट फेअरची सुरुवात तिथली मानतात. पण तो निवडक मंडळींचा क्लब होता. ते बघून १९७० मध्ये एर्न्स्ट बायलर, ट्रुडल ब्रुकनर आणि बाल्ट्झ हिल्ट या बाझलच्या तीन गॅलरीवाल्यांनी आपला मेळा सुरू केला, जास्त मोकळा. पहिल्याच वर्षी दहा देशांतल्या ९० गॅलऱ्या आणि १६,००० च्या वर प्रेक्षक! पुढे २००२ मध्ये मायामी बीच, २०१३ मध्ये हाँगकाँग, २०२२ मध्ये पॅरिस. आणि मायामीत ते केळं.

म्हणजे मतदान आणि मेळा यांच्यात फक्त अडीच वर्षं. शहर तेच. मला यात व्हिलन कोणी दिसत नाही. बाजार नसता तर त्या दोन चित्रांची किंमत कोणी आणि कशी ठरवली असती? पिकासो स्वतः काही बाजाराचा शत्रू नव्हता. फरक मला एवढाच दिसतो की मेळ्यात आपण तिकीट काढून बघे म्हणून जातो. दोन तास फिरतो, फोटो काढतो, किंमत ऐकून हसतो आणि घरी येतो. आपलं मत कोणी विचारत नाही. बाझलमध्ये १९६७ साली ते विचारलं गेलं, आणि लोक भांडले. ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्यांनाही त्या चित्रांबद्दल काहीतरी मत बनवावं लागलं. माझ्या मते चित्रं खऱ्या अर्थाने शहराची झाली ती या भांडणात, पैसे तर नंतर दिले.

आपल्याकडेही २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' भरतं. वासुदेव गायतोंडे हे जे.जे.चे विद्यार्थी, शेवटची वर्षं दिल्लीत अगदी साधेपणाने राहिलेले. २००१ मध्ये गेले. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात ३९.९८ कोटींना विकलं गेलं. ते चित्र मुंबईच्या म्युझियमसाठी घ्यायचं का, असं कोणी आपल्याला विचारलं असतं तर?

खरं सांगू? समोरच्या रस्त्यावरचे खड्डे बघून मी बहुतेक 'नाही'वर शिक्का मारला असता. त्या २७,१९० लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. पण मत देण्याआधी ते चित्र एकदा नीट बघायला नक्की गेलो असतो. आजवर गेलेलो नाही, हीच तर गोची आहे.

असो. सोमवारी लंचला हे सांगून बघतो. केळ्यापेक्षा बरा विषय आहे.