दुहेरी कापडाची ऊब

निफाडच्या थंडीची ओळख नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला करून द्यायला नको. 2018 सालच्या डिसेंबरअखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. अशा वेळी द्राक्षाच्या घडांचे काय होईल याची चिंता सारे करतात, आणि ती रास्तच आहे. पण रात्रीची लाईट आली म्हणून दोन वाजता गव्हाला पाणी भरायला निघालेल्या माणसाच्या अंगावर काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. बहुधा एक शर्ट, वर बाजारात घेतलेले पातळ चकचकीत जाकीट, आणि डोक्याला मफलर. जाकिटाची चेन महिनाभरात बिघडते ती गोष्ट वेगळी.

याला उपाय जुनाच आहे आणि घरात होण्यासारखा आहे. अस्तर लावलेला, मध्ये थोडा कापूस घातलेला कोट. आता कोट म्हटला की आपल्याला साहेब आठवतो, आणि हे काही आपल्याकडचे नव्हे असे वाटते. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो. शिवणाकडे मग येऊ.

नाशिकजवळची पांडवलेणी तुम्ही पाहिली असतील. मुलांची सहल नेणाऱ्या गुरुजींनी तर नक्कीच. तिथल्या दहाव्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याचा तो लेख, सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले, आणि त्याबरोबर 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कोणाकडे ठेवली? सावकाराकडे नव्हे, तर गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. आज आपण सहकारी सोसायटी म्हणतो, तिची पणजी म्हणा हवे तर. एका श्रेणीकडे 2,000, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1,000, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे. तोंडी बोलण्यावर भागवले नाही.

आणि व्याज कशासाठी? दोन हजारांचे व्याज चीवरासाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांसाठी. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही 240. एक नाणे इकडे नाही की तिकडे नाही! सरळव्याजाचे इतके चांगले उदाहरण, तेही आपल्या तालुक्यातले, पाठ्यपुस्तकात का नसावे हे मला कळत नाही.

आता या चीवराचा आणि आपल्या कोटाचा संबंध काय? भिक्षूंची वस्त्रे तीन. नेसायचे एक, पांघरायचे एक, आणि तिसरी संघाटी. पहिली दोन एकेरी. संघाटी मात्र दुहेरी, म्हणजे दोन पदरांची शिवलेली. हा नियम कसा ठरला त्याची हकीकत पाली विनयपिटकात आहे. कडाक्याच्या थंडीत, हिम पडत असताना, बुद्ध वैशालीजवळ रात्री उघड्यावर एका वस्त्रानिशी बसले. पहिला प्रहर सरता थंडी वाजली, तेव्हा दुसरे वस्त्र घेतले. मधला प्रहर सरता तिसरे. पहाटे चौथे. चार पदरांत रात्र निभते हे स्वतःच्या अंगावर पाहून त्यांनी तीन वस्त्रांचा नियम केला, पण त्यांतले एक दुहेरी. म्हणजे वस्त्रे तीन, आणि पदर चारच! नियम करणाऱ्याने आधी स्वतः थंडीत बसून पाहिले, हे मला या हकीकतीत फार मोलाचे वाटते.

ही वस्त्रे भिक्षू स्वतः शिवत. टाकून दिलेल्या चिंध्यांचीही शिवत. तुकडे कसे जोडायचे याचा नमुना आनंदाने बसवला, तो मगधातल्या भातखाचरांवरून: मध्ये चौकोन, भोवती बांध. कापड ताणून धरायला चौकट असे, तिचे नाव कठिन. सुया ठेवायला नळी असे, आणि बोटाला टोचू नये म्हणून अंगुस्तानाचीही परवानगी होती. पावसाळा संपला की सगळे मिळून एका दिवसात चीवर शिवून पुरे करीत. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी अंगणात पसरून चार बायाबापड्या चारी कोपऱ्यांना बसतात, ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिलालेखात संघाटीचे नाव घेतलेले नाही, चीवर एवढेच आहे. पण त्रिचीवरात संघाटी आलीच. तेव्हा नाशिकच्या डोंगरात शिवलेले दुहेरी वस्त्र 1,900 वर्षांपूर्वी होते, आणि त्याचा खर्च आपल्या गोवर्धनच्या विणकरांकडून येत होता.

दोन पदरांत ऊब का राहते? ऊब कापडात नसते, ती अंगाची असते. दोन पदरांच्या मध्ये जी हवा कोंडून राहते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कापूस घातला की ही हवा हजारो बारीक पोकळ्यांत अडकते, हलत नाही. घोंगडीच्या लोकरीचे मर्म तेच. म्हणून एक जाड कापड अंगावर घेण्यापेक्षा दोन पातळ कापडे बरी. आणि म्हणूनच गोधडी भिजली किंवा दबून चपटी झाली की गार लागते, हवाच उरत नाही.

पण संघाटी पांघरायची. हातात फावडे घेणाऱ्याला पांघरूण उपयोगाचे नाही, त्याला बाह्या हव्यात. बाह्यांचे शिवलेले अंगवस्त्र हे घोड्यावरच्या लोकांचे. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा पुतळा आहे, डोके नाही, पण गुडघ्याखाली येणारा कोट आणि पायांत जाड बूट स्पष्ट दिसतात. मौज अशी की आपला उषवदात स्वतःला शक म्हणवतो. म्हणजे चीवराला पैसे देणारा हा दाता स्वतः अंगरखे-तुमानी घालणाऱ्या लोकांतला! पुढे शतके गेली, आणि आपल्याकडे बाराबंदी, अंगरखा, बंडी, डगला असे कपडे रूढ झाले. त्यांच्याबरोबर शब्दही आले. अस्तर हा फारसी शब्द. उशीला आपण अभ्रा घालतो, तोही फारसीतून आलेला. मूळ अर्थ कपड्याचा वरचा पदर. वर अभ्रा, आत अस्तर, अशी ती जोडी. कडेला लावायची मगजीही त्याच वाटेने आली.

उबेच्या कपड्याची किंमत काय असते हे मराठ्यांना पानिपतावर कळले. दक्षिणेतून फौज निघाली ती 1760 च्या मार्चमध्ये, ऐन उन्हाळ्यात. लढाई झाली ती 14 जानेवारी 1761 ला. मधले अडीच महिने उत्तरेच्या थंडीत, वेढ्यात, दाणागोटा तुटलेला. पराभवाची कारणे अनेक आहेत आणि त्यांवर ग्रंथ झाले आहेत, त्यात मी शिरत नाही. पण दक्षिणेच्या हवामानाला बेतलेल्या कपड्यांत लाखभर माणसे तिथे कुडकुडत होती, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला सांगायची राहून जाते. त्या लढाईत पडलेल्या विश्वासरावांची आई गोपिकाबाई उत्तरायुष्यात येऊन राहिली ती नाशिकजवळ गंगापूरला, गोवर्धनला लागूनच.

इतके दिवस घरातली बाई शिवत होती ती चोळी आणि गोधडी. कापून बेतलेला कपडा शिंप्याकडून यायचा. हे बदलले शिवणयंत्राने. पहिले चालते यंत्र थिमोनिए या फ्रेंच शिंप्याचे, 1830 चे. लष्कराचे गणवेश शिवायला त्याने कारखाना काढला, तर पॅरिसच्या शिंप्यांनी पोटावर पाय येतो म्हणून 1831 मध्ये यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत हाव याने 1846 मध्ये आणि सिंगरने 1851 मध्ये पेटंट घेतले, आणि सिंगरची यंत्रे आपल्याकडे गावोगाव पोचली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद केला, माणसाच्या उपयोगी पडणारी थोडी यंत्रे आहेत त्यांत ते बसते म्हणून. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी 1909 पासून बायकांना जे शिकवायला घेतले त्यात शिवणकाम होते. विधवेला, परित्यक्तेला चार पैसे मिळावेत हा त्यामागचा हेतू. त्याचा एक आडफायदा झाला: गोधडीचा टाका आणि यंत्राची टीप एकाच हातात आली. घरी अस्तराचा कोट शिवायला याहून अधिक काही लागत नाही.

तेव्हा आता शिवणाकडे. वरचे कापड जाडसर सुती किंवा खादी घ्या, अस्तराला मऊ मांजरपाट किंवा जुन्या लुगड्याचा चांगला राहिलेला भाग. दोन्ही कापडे बेतण्याआधी धुऊन वाळवा. आधी धुतले नाही तर पहिल्या धुण्यात एक कापड आटते, दुसरे आटत नाही, आणि कोट आयुष्यभर सुरकुतलेला राहतो. माप नेहमीच्या शर्टावरून घ्या, पण छातीला चार इंच आणि मुंढ्याला इंचभर सैल ठेवा, कापूस जागा खातो. अस्तराला पाठीच्या मधोमध इंचभराची चुणी सोडायची विसरू नका. हात पुढे केला की वरचे कापड ताण सोसते, आतले फाटते. ती चुणी त्याच्यासाठी. बाजारच्या कोटाचे अस्तर काखेत आधी का उसवते, याचे उत्तर पुष्कळदा याच चुणीच्या कंजूषपणात असते.

कापूस पिंजलेला, बोटाच्या पेराएवढ्या जाडीचा, अस्तराच्या उलट्या बाजूवर सारखा पसरा. त्यावर जुन्या धोतराचे पातळ फडके ठेवा आणि चार-चार बोटांवर धावदोरा घाला, गोधडीला घालता तसाच. हा दोरा नसेल तर कापूस महिनाभरात खाली घसरतो, खांदे रिकामे आणि घेर जड. बाह्यांत मात्र कापूस अगदी पातळ ठेवा, नाहीतर कोपर वाकत नाही. मग वरचा कोट आणि अस्तराचा कोट वेगवेगळे जोडून घ्या. सुलट बाजू एकमेकींना भिडवून गळा, पुढच्या कडा आणि घेर यांवर टीप मारा. घेराला मध्ये वीतभर जागा उघडी सोडा. त्या जागेतून सगळा कोट बाहेर ओढून सुलटा करा. बाह्यांची टोके आत दुमडून हाताने शिवा, गुंड्या मोठ्या लावा म्हणजे गारठलेल्या बोटांनाही लागतील, आणि घेराची ती वीतभर फट सर्वांत शेवटी, बारीक टाक्यांनी, हातानेच बंद करा. यंत्राने नको, दोन वर्षांनी कापूस पिंजून घ्यायला तीच उसवावी लागते.