मुंबईचे खरे वादळ आणि खोटे वादळ

श्रोतेहो, वैशाखात वावधन सुटले, की आपल्या वर्धेकडे कवेलू उडतात. मग मुंबईसारख्या शहरात काय होत असेल?

पुष्कळ ठिकाणी छापून आले आहे, की जून १८८२ च्या वादळात मुंबईत एक लाख माणसे मेली. आता हिशेब करा. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती होती पावणेआठ लाख. म्हणजे दर आठांतला एक गेला! कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासून उभी. तरीही अभ्यासकांना त्या वादळाची समकालीन नोंद सापडली नाही. आवईच ती!

खरी वादळे निराळी. नोव्हेंबर १८५४ मध्ये सुमारे हजार माणसे दगावली. नोव्हेंबर १९४८ मध्ये सारे शहर ठप्प झाले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेले. खोट्या आकड्याचा तोटा असा, की तो उघडा पडला म्हणजे लोक खऱ्या धोक्यालाही हसतात.

म्हणून गुरुजी, गावात वादळ झाले, की शाळेच्या वहीत तारीख, पडलेली झाडे, उडालेली छपरे लिहून ठेवा. पुढचा इतिहास त्यातूनच लिहिला जाईल.