पटकीचे विष आणि डॉ. शंभुनाथ डे

गावाच्या वेशीबाहेर मरीआईचे ठाणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पटकी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट मनुष्य दिवस मावळण्यापूर्वी गतप्राण व्हावा, अशी ही महामारी. पटकीचा रोगी नेमका कशाने मरतो, या प्रश्नाचे उत्तर एका भारतीयाने शोधून काढले. त्याचे नाव माझ्या सेवेच्या काळात कोणत्याही शालेय पुस्तकात वाचल्याचे मला स्मरत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा दुसरा विषय शोधावा लागला नाही.

शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ साली बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून १९३९ साली ते डॉक्टर झाले. पुढे लंडनला सर रॉय कॅमेरून यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली आणि ते १९४९ साली कलकत्त्यास परतले. त्यानंतर त्यांनी पटकीचाच ध्यास घेतला.

पटकीचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यातच निश्चित केले होते. हे जंतू एखादे विष सोडीत असले पाहिजेत, असेही त्याने सुचविले होते. तथापि पाऊणशे वर्षे ते विष कोणाच्या हाती लागेना. याचे कारण ऐकावयास अगदी साधे आहे. संशोधक जंतू किंवा त्यांचा अर्क जनावराच्या रक्तात वा पोटाच्या पोकळीत टोचीत आणि परिणामाची वाट पाहत. वस्तुतः पटकी हा आतड्याचा रोग. डॉ. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा न तोडता, दोन्ही बाजूंनी रेशमी दोऱ्याने बांधला व त्या बंद भागातच जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो तो भाग पाण्याने टम्म फुगलेला! पटकीच्या रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे जे जुलाब होतात, तसाच तो द्रव होता. हा प्रयोग त्यांनी डी. एन. चॅटर्जी यांच्या समवेत १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी लक्षावधी रुपयांचे यंत्र लागले नाही; ससा, सुई, दोरा आणि विचार एवढ्यावर भागले.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची होती. जंतू वाढविलेला द्रव गाळून त्यातील जंतू पूर्णपणे काढून टाकले आणि नुसता द्रव आतड्यात सोडला, तरीही आतडे फुगले. जंतू नाहीत, पण परिणाम तोच. तेव्हा विष त्या द्रवात आहे, हे सिद्ध झाले. ‘नेचर’ या ख्यातनाम नियतकालिकाच्या ३० मे १९५९ च्या अंकात हा शोधनिबंध आला. तो अवघा दोन पानांचा असून त्यावर नाव एकट्या डे यांचेच आहे. याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर प्रयोग करून पटकीच्या विषाचा परिणाम दाखविला, हेही आपण विसरता कामा नये.

एवढे होऊनही प्रारंभी जगाने या निबंधाची म्हणावी तशी दखल घेतली नाही. दखल घेणे म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. विद्वान लोक निबंध लिहिताना आपण कोणाच्या कार्याचा आधार घेतला हे नमूद करतात. कोणाचा उल्लेख कोठे व किती वेळा झाला, याची सूची फिलाडेल्फियाचे युजीन गारफील्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केली. अमेरिकन वकिलांची जुन्या निकालांची उल्लेख-सूची १८७३ पासून चालत आली होती. तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. संशोधकाचे वजन आज बहुतांशी अशा मोजणीवरून ठरते. प्रस्तुत लेखकाने आपल्या गावाच्या इतिहासाची टिपणे एकास वाचावयास दिली होती. ती पुढे छापून आली, पण नावाचा उल्लेख मात्र राहून गेला. तेव्हा उल्लेखाचे मोल मला थोडेफार ठाऊक आहे. परंतु मोजणीतही एक खोट आहे. जे काम काळाच्या पुढे असते, त्याचे उल्लेख आरंभी होत नाहीत. कारण उल्लेख करणारेच अजून तेथवर पोहोचलेले नसतात.

१९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पलुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. या विषाने आतड्याचे अस्तर नष्ट होत नाही. ते शाबूत राहून पाणी बाहेर टाकते. म्हणूनच साखर-मिठाचे पाणी पाजले असता ते अंगी लागते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हाच उपाय योजला, तेव्हा शेकडा ३० च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले. सशाच्या आतड्यातून निघालेली वाट गोरगरिबांच्या मुलांपर्यंत आली ती अशी.

डॉ. डे १९७३ साली निवृत्त झाले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. नोबेल पारितोषिक मिळविणारे जोशुआ लेडरबर्ग यांनी मात्र त्या पारितोषिकासाठी डे यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले होते. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानाने पटकीवरील परिसंवादास त्यांना बोलाविले. तेथे ते म्हणाले की, १९६० नंतर आपण मेल्यातच जमा होतो, या परिसंवादाने आपल्याला उकरून वर काढले. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. गारफील्ड यांनी आपल्या सूचीच्या आधारे त्यांच्या कार्याचा प्रभाव दाखविणारा लेख लिहिला तो १९८६ साली, आणि बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० साली.