मोटार अपघातानंतरचे तातडीचे उपचार आणि नुकसानभरपाई (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

मोटार अपघातानंतरचे तातडीचे उपचार म्हणजे रस्त्यावरील वाहन-अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीची पहिल्या काही तासांत होणारी वैद्यकीय तपासणी, उपचार आणि त्यांची लेखी नोंद. या उपचारांचा पहिला हेतू जीव वाचवणे हा असतो. भारतातील मोटार वाहन कायद्यानुसार मिळणारी नुकसानभरपाई आणि निरनिराळ्या विमा योजनांचे लाभ मात्र मोठ्या प्रमाणात याच वेळी तयार झालेल्या कागदांवर अवलंबून राहतात. प्रस्तुत लेखात ठाणे शहर आणि कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे. उपनगरी रेल्वेवरील अपघातांचे दावे रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. त्यांचा कायदा वेगळा असल्याने ते येथे विचारात घेतलेले नाहीत.

पार्श्वभूमी

ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रस्ता, मुंबई-नाशिक महामार्ग, कल्याण-शीळ रस्ता आणि मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हे येथील वर्दळीचे मार्ग होत. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे अवजड ट्रक, कामावर निघालेले दुचाकीस्वार, रिक्षा आणि पादचारी यांना हेच रस्ते वापरावे लागतात.

या परिसरातील सार्वजनिक रुग्णालयांत ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय यांचा समावेश होतो. डोक्याला किंवा मणक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णास पहिल्या रुग्णालयातून कळव्याला आणि तेथून प्रसंगी मुंबईला, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा जे. जे. रुग्णालयात पाठवले जाते. अशा वेळी एकाच अपघाताचे केसपेपर दोन-तीन ठिकाणी विभागले जातात. पुढे दाव्याच्या वेळी पहिल्या रुग्णालयातील, जेथे रुग्ण जेमतेम अर्धा तास होता तेथील, कागद मिळवण्याचे राहून जाते. वस्तुतः अपघाताची सर्वांत ताजी हकिगत त्याच कागदावर असते.

राज्यभर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. पोलीस व इतर आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

उपचाराचा हक्क

अपघाताचे प्रकरण पोलिसांचे असल्याने खाजगी डॉक्टर जखमीला हात लावणार नाही, ही समजूत एके काळी सर्वत्र होती आणि ती निराधार नव्हती. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेण्यास नकार दिला. वैद्यकीय-न्यायिक प्रकरणे हाताळण्याची मान्यता असलेले रुग्णालय सुमारे २० किलोमीटर दूर होते आणि तेथे पोहोचण्यापूर्वीच तो मरण पावला. या वृत्तपत्रीय बातमीच्या आधारे दाखल झालेल्या परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी निर्णय दिला. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १३४ मध्येही हे कर्तव्य नमूद आहे. जखमीस जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी वाजवी ते सर्व करण्याची जबाबदारी चालकावर आहे, तर औपचारिकता पूर्ण होण्याची वाट न पाहता तत्काळ उपचार करण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीस दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले. तिच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. अशा मदतगाराचा गौरव करणाऱ्या केंद्राच्या योजनेतील बक्षिसाची रक्कम २०२५ मध्ये पाच हजारांवरून २५,००० रुपये करण्यात आली.

‘काही लागले नाही’ हा समज

दुचाकी घसरली, गुडघा खरचटला, समोरच्या चालकाने दिलगिरी व्यक्त करून चार पैसे दिले आणि प्रकरण रस्त्यावरच मिटले, असे अनेकदा घडते. अशा वेळी जखमी व्यक्तीचे स्वतःविषयीचे मत विश्वासार्ह असतेच असे नाही. धक्क्यामुळे शरीरात वाढलेल्या ॲड्रेनलिनसारख्या स्रावांमुळे वेदना काही काळ दबलेली राहते. डोक्याला मार लागल्यावर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागले, तर रुग्ण प्रथम शुद्धीवर असतो, व्यवस्थित बोलतो आणि काही तासांनंतर अचानक बेशुद्ध होतो. प्लीहेला इजा झाल्यास पोटातील रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. मानेच्या स्नायूंना बसलेला हिसका पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतो. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, पोटात दुखणे, हातापायाला मुंग्या येणे किंवा लघवीतून रक्त जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जाणे आवश्यक ठरते.

कायद्यात ‘अपघातानंतरचा सुवर्णकाळ’ ही संज्ञा आघातानंतरच्या पहिल्या एका तासासाठी वापरलेली आहे. भरपाईसाठी अमुक दिवसांत डॉक्टरकडे गेलेच पाहिजे, अशी मुदत मात्र भारतीय मोटार वाहन कायद्यात नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तशी आहे. तेथे वैयक्तिक इजा विम्यातील वैद्यकीय लाभासाठी अपघातापासून १४ दिवसांच्या आत पहिला उपचार घ्यावा लागतो. भारतात उशिराचा परिणाम पुराव्यावर होतो. आठ दिवसांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसले, तरी ते त्याच अपघातात मोडले की नंतर घरात पडून, हा प्रश्न विमा कंपनीचा वकील विचारणारच.

पहिला केसपेपर

रुग्णालयात अपघाताचा रुग्ण आला की डॉक्टर त्याची नोंद वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून करतात. व्यवहारात तिला ‘एमएलसी’ म्हणतात. या नोंदीस क्रमांक असतो आणि तिची सूचना पोलिसांना दिली जाते. रुग्ण कसा जखमी झाला, याची हकिगत केसपेपरवर एक-दोन ओळींत लिहिली जाते. ती सांगणारा पुष्कळदा स्वतः रुग्ण नसतो. बेशुद्ध रुग्णाला घेऊन आलेला रिक्षाचालक किंवा घाबरलेला शेजारी ती सांगतो. ‘रस्त्यात पडल्यामुळे’ आणि ‘मागून टेम्पोने धडक दिल्यामुळे’ या दोन नोंदींत डॉक्टरच्या दृष्टीने फारसा फरक नसेल, पण न्यायाधिकरणापुढे सगळा दावा त्या फरकावर उभा राहतो किंवा कोसळतो. पोलिसांचा त्रास टाळण्यासाठी, किंवा समोरचा चालक सोबत उभा असल्याने संकोचून, ‘घरी जिन्यावरून पडलो’ असे सांगितले गेल्याचे प्रकारही घडतात. असे विधान नंतर दुरुस्त करणे अवघड असते. अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा प्रकार आणि ठाऊक असल्यास क्रमांक एवढा तपशील पहिल्या नोंदीत खरा उतरला, तर पुढील बऱ्याच अडचणी टळतात.

त्यानंतरचे कागदही जपावे लागतात. इजा प्रमाणपत्र, क्ष-किरण व सीटी स्कॅनची चित्रे आणि अहवाल, शस्त्रक्रियेच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि कामावरील रजेचा दाखला हे सर्व दाव्यात लागतात. मेडिक्लेमसाठी मूळ बिले विमा कंपनीकडे जात असल्याने ती देण्यापूर्वी त्यांच्या साक्षांकित प्रती घेऊन ठेवणे इष्ट असते. डॉक्टरने सांगितलेल्या फेरतपासण्या मध्येच सोडल्यास जखम बरी झाली होती, असा अर्थ काढला जाण्याची शक्यता असते.

गंभीर दुखापतीची व्याख्याही याच नोंदींशी जोडलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणे किंवा सांधा निखळणे ही गंभीर दुखापत आहेच. तीव्र शारीरिक वेदना होत राहणे किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे ही स्थिती १५ दिवस टिकली, तर तीही गंभीर दुखापत ठरते. जुन्या भारतीय दंड संहितेत हा काळ २० दिवसांचा होता. मोडलेले हाड चित्रात दिसते. पंधरा दिवसांची वेदना मात्र डॉक्टरकडे गेल्याशिवाय कोठेच नोंदली जात नाही.

पोलिसांतील नोंद

कल्याण-शीळ रस्त्यासारख्या मार्गावर काही किलोमीटरच्या अंतराने पोलीस ठाण्याची हद्द बदलते आणि नातेवाईक एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरत राहतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतील पोलीस चौकीतही जबाब नोंदवले जातात.

फिर्याद देण्यास झालेल्या उशिराबाबत सर्वोच्च न्यायालयाचा दृष्टिकोन जखमीच्या बाजूचा आहे. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निर्णयात, अपघातानंतर कुटुंबीय पोलीस ठाण्यात धावण्यापेक्षा जखमीच्या उपचारांना महत्त्व देतात आणि हे मनुष्यस्वभावाला धरून आहे, असे न्यायालयाने मान्य केले. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही. उशीर झालेला असल्यास पुरावा मात्र अधिक काटेकोरपणे तपासला जातो. अशा वेळी त्याच दिवसाचा केसपेपर आधार ठरतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो.

भरपाईचे मार्ग

दोषी वाहनाच्या त्रयस्थ-पक्ष विम्यातून भरपाई मिळवण्यासाठी कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला जातो. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या, अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या किंवा प्रतिवादीच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. त्यामुळे नाशिकजवळ जखमी झालेल्या ठाणेकरास नाशिकला खेपा घालाव्या लागत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आली. १९९४ ते २०२२ या काळात अशी मुदतच नव्हती, त्यामुळे जुन्या अनुभवाच्या आधारे मिळणारा ‘सावकाश करू’ हा सल्ला आता धोक्याचा आहे. कोणाची चूक हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची तरतूद आहे.

कायमच्या अपंगत्वाची भरपाई ठरवताना राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार घेतला जातो. अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईत झालेली घट या भिन्न गोष्टी आहेत, असे त्यात सांगितले आहे. हात गमावलेला चालक किंवा सुतार आपला व्यवसायच गमावतो, तर कारकुनाची नोकरी टिकू शकते. स्वतः उपचार न करता सहज प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांबाबत सावध राहण्याची सूचनाही न्यायालयाने केली आहे. पहिल्यापासून उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष त्यामुळे वजनदार ठरते.

उपचारांचा खर्च

केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते-अपघातातील प्रत्येक जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. कायद्याच्या कलम १६२ मध्ये अशा योजनेची तरतूद असूनही ती रखडली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुदत घालून दिल्यावर ती अस्तित्वात आली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये रस्ते-अपघात विमा योजनेचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत करून प्रतिरुग्ण मर्यादा ३० हजारांवरून एक लाख रुपये केली.

खाजगी मेडिक्लेममध्ये तातडीने दाखल झाल्याची सूचना बहुधा २४ तासांत कंपनीस द्यावी लागते. अपरिहार्य कारणाने सूचना उशिरा दिली गेली, तर केवळ त्याच कारणावरून दावा नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०११ च्या परिपत्रकात कळवले आहे. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम मोटार अपघाताच्या भरपाईतून वजा करावी काय, हा वाद बराच काळ चालला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ रोजी ती वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. विमेदाराने हप्ते भरून घेतलेला तो स्वतंत्र करार असल्याचे त्यामागील कारण आहे.

वागळे इस्टेट किंवा डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील कर्मचारी राज्य विम्याखालील कामगार कामावर जाता-येता जखमी झाल्यास, त्या प्रवासाचा कामाशी संबंध असेल तर, ती इजा नोकरीतील इजा मानली जाते. ही तरतूद २०१० मध्ये झाली.

खड्ड्यांमुळे झालेले अपघात

खड्ड्यात दुचाकी आदळून पडलेल्या व्यक्तीस धडक देणारे दुसरे वाहन नसते, म्हणून त्रयस्थ-पक्ष विम्याचा उपयोग होत नाही. पावसाळ्यात या परिसरात ही अडचण नित्याची आहे. जुलै २०१८ मध्ये कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे लागोपाठ मृत्यू झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख रुपये आणि इजेच्या स्वरूपानुसार ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. महानगरपालिका क्षेत्रातील दाव्यांसाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती नेमण्यात आली. अशा दाव्यात दुसऱ्या वाहनाचा क्रमांक, चालक किंवा विमापत्र यांपैकी काहीच पुराव्यास नसते. रस्त्याचे त्याच दिवशीचे छायाचित्र, पंचनामा आणि रुग्णालयात ‘खड्ड्यात वाहन आदळून पडल्यामुळे’ अशी झालेली नोंद हेच अर्जदाराच्या हाती असलेले कागद होत.