शाश्वततेचे निर्देशक : दृश्य लोकसहभागी पद्धती

गावाची प्रगती मोजण्याची परिमाणे नकाशे, तक्ते, फलक यांच्या आधारे गावकऱ्यांनीच ठरवण्याची पद्धत. रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनामुळे लोकसहभागी ग्रामीण मूल्यावलोकन १९९० च्या दशकात सर्वत्र पोहोचले. जमिनीवर रांगोळीने शिवार रेखाटून विहिरींच्या जागी खडे मांडले, की चुकीच्या जागी पडलेला खडा कोणीही उचलून नीट ठेवू शकतो. छापील अहवालाबाबत हे घडत नाही. सर्वांना तपासता येते तेच परिमाण सर्वांना मान्य होते, हे या पद्धतीचे खरे बळ.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव याची साक्ष देते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे पाणलोटाची कामे झाली. पुढे पाण्याचा वार्षिक ताळेबंद सुरू झाला. पर्जन्यमापकावरील पाऊस आणि निरीक्षण विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाणी काढून ते ग्रामसभेपुढे मांडले जाते. चित्रे ढोबळ असतात, हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण मांडणीमागे प्रत्यक्ष मोजणी आहे. बागायतदारांचाच आवाज चढतो, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. म्हणून महिला व भूमिहीन यांचे नकाशे वेगळे काढून मगच एकत्र पाहणे आवश्यक ठरते. हिवरे बाजारात ताळेबंदाला नियमांची जोड आहे : सिंचनासाठी कूपनलिकांना मनाई, आणि पाऊस कमी पडला तर आधी पिण्याचे पाणी, मग पिके.