पडद्याचा एकच धनी : डेस्कटॉप आज्ञावलीतील एक-थ्रेड नियमाचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावरील बटणे, याद्या, चौकटी यांत बदल करण्याचा अधिकार कोणत्या थ्रेडला असावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात वापरकर्त्याचा संगणकावरील विश्वासच त्याच्याशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

१९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये बहुकार्यव्यवस्था सहकारावर आधारलेली होती. प्रत्येक प्रोग्रामने रांगेतील संदेश उचलावा, काम उरकावे आणि नियंत्रण परत करावे, अशी अपेक्षा असे. एखादा प्रोग्राम लांबलचक आकडेमोडीत गुंतला की वाळूचे घड्याळ दिसे आणि इतर प्रोग्रामही ताटकळत. व्हिज्युअल बेसिकमध्ये यावर ‘डूइव्हेंट्स’ हा उतारा होता. काम चालू असतानाच मधूनमधून संदेश हाताळले जात. परंतु तेवढ्यात वापरकर्त्याने तेच बटण पुन्हा दाबले, तर अर्धवट कामाच्या पोटातच तेच काम नव्याने सुरू होई. हा उतारा रोगापेक्षा फारसा बरा नव्हता.

विंडोज एनटी (१९९३) आणि विंडोज ९५ (१९९५) यांनी प्रोग्रामांना स्वतंत्र थ्रेड दिले. जड काम पार्श्वभूमीवर ढकलणे शक्य झाले; मात्र त्याचा निकाल पडद्यावर कोणी लिहावयाचा, हा प्रश्न उरलाच. जावाच्या आरंभीच्या एडब्ल्यूटी संचाने कोणत्याही थ्रेडला पडदा खुला ठेवण्याचे धोरण पत्करले होते. १९९८ च्या स्विंगने ते सोडले आणि घटना हाताळणाऱ्या एकाच थ्रेडकडे पडद्याची मालकी सोपविली.

या माघारीचे कारण मुळातून पाहण्यासारखे आहे. माऊसची टिचकी ऑपरेटिंग सिस्टीमकडून वर प्रोग्रामकडे येते. प्रोग्रामची चित्रणाची आज्ञा वरून खाली जाते. दोन्ही प्रवाह वाटेत कुलुपे लावीत जातात, पण उलट क्रमाने. मग एकाच्या हातातील कुलपासाठी दुसरा आणि दुसऱ्याच्या कुलपासाठी पहिला खोळंबून राहतो. पडदा कायमचा थिजतो. सन मायक्रोसिस्टिम्सचे ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये हीच अडचण विशद केली. संचाच्या अंतर्रचनेत मुरलेल्या मोजक्या तज्ज्ञांनाच असे बहुथ्रेडी संच निभावतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते मान्य होण्यासारखे आहे, कारण सामान्य प्रोग्रामरला आतील कुलपे दिसतच नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्येही (२००२) हाच नियम होता. पार्श्वभूमीच्या थ्रेडने ‘इनव्होक’द्वारे पडद्याच्या थ्रेडकडे काम सोपवावे, असे अभिप्रेत होते. पण नियम मोडूनही प्रोग्राम पुष्कळदा चाले, आणि खरी गोम तीच! दोष ग्राहकाच्या यंत्रावर, तोही क्वचितच, प्रकटे. २००५ च्या डॉटनेट २.० ने डीबगरखाली असे उल्लंघन होताच अपवाद उभा करण्यास सुरुवात केली; शिवाय ‘बॅकग्राउंडवर्कर’ हा तयार घटक दिला. जावा ६ मध्ये (२००६) ‘स्विंगवर्कर’ अधिकृतपणे समाविष्ट झाला.

२०१२ च्या सी-शार्प ५.० मधील ‘एसिंक’ व ‘अवेट’ यांनी हा व्यवहार भाषेतच आणला. पडद्याच्या थ्रेडवर ‘अवेट’ केल्यास पुढील ओळी सामान्यतः त्याच थ्रेडवर परततात. तथापि त्याच थ्रेडने निकालासाठी अडून बसावयाचे ठरविले, तर परतणाऱ्या ओळींना जागाच मिळत नाही, आणि जुनाच खोळंबा नव्या वेषात उभा राहतो.